सायकलचीही एक सीट!

सायकल आपल्याला वाहून नेते, हे खरंच. पण कधी कधी सायकललाच वाहून न्यावं लागतं. पूर्वी हे काम एसटी करायची. मागच्या शिडीवरून सायकल टपावर चढवायची, दोरीने करकचून बांधायची, कंडक्टरकडून लगेजचं तिकीट घ्यायचं, की निघाली सायकल मामाच्या गावाला! आता सायकली चारचाकीच्या पाठीला लटकून फिरतात. नागपूरहून रामटेककडे, पेंचकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या कन्हानवरूनच जातात. त्यामुळे रविवारी सकाळी अशी एखादी गाडी अधूनमधून दिसते. मी मुद्दाम निरखून बघते. त्या सायकली बहुतेक सरळ दांडीच्या, म्हणजे पुरुषांच्याच असतात.

तुम्ही म्हणाल, सायकल आहे तर चालवत जावं, गाडीवर कशाला घालायची? याचं उत्तर आमच्या रस्त्यात आहे. कन्हानमधून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, म्हणजे आपला जुना सात नंबर. इकडे कोळशाच्या खाणी, तिकडे मनसर-कांद्रीचं मँगनीज, शिवाय नदीची वाळू. या सगळ्यांचे ट्रक इथूनच धावतात. अशा रस्त्यावर सायकल काढायची म्हणजे घरचे नाही म्हणायच्या आधी आपलाच धीर सुटतो. पण तीसेक किलोमीटर पुढे रामटेक गाठलं, की खिंडसी तलावाकडचे, नगरधनकडचे रस्ते कसे निवांत! नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात. सोळाशे वर्षांपूर्वी प्रभावतीगुप्ता या राणीने लहान मुलाच्या वतीने वाकाटकांचा राज्यकारभार चालवला. तिच्या राजधानीत आपण आपल्या सायकलवर जावं, असं कुणाला वाटणार नाही? अडचण फक्त मधल्या पट्ट्याची.

आमचा चौघींचा ग्रुप आहे. वय चाळीस ते अठ्ठावन्न. एकीच्या घरी व्हॅन आहे, म्हणून हा विषय निघाला. आणि लगेच लक्षात आलं, की गाडीत सगळ्यांच्या सामानाला जागा असते. मुलाची बॅट, ‘ह्यां’ची फोल्डिंगची खुर्ची, सासूबाईंचा थर्मास, डब्यांच्या चार पिशव्या, सगळं बसतं. बाईने सायकलचं नाव काढलं, की उत्तर ठरलेलं, ‘‘अगं, जागा कुठे आहे?’’

म्हणून आम्हीच जागा शोधायला लागलो. सायकल नेण्याचे रॅक मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिला टपावरचा. पण आपली साधी सायकल पंधरा-वीस किलोची. ती डोक्याच्या वर उचलून धरणं आपल्या कंबरेचं काम नाही. दुसरा डिकीला पट्ट्यांनी बांधायचा. हा त्यातल्या त्यात स्वस्त, पण रंगावर ओरखडे येतात आणि सायकल उतरवल्याशिवाय डिकी उघडत नाही. तिसरा हिचचा. गाडीच्या खाली, चेसिसला पक्का बसवलेला चौकोनी पाइप असतो. त्यात रॅकचा दांडा सरकवून पिन घालायची. परदेशात कॅम्पर व्हॅन घेऊन फिरणारी अनेक कुटुंबं हा वापरतात, कारण सायकल गुडघ्याएवढीच उचलावी लागते. बायकांना सगळ्यात सोयीचा हाच.

पण मैत्रिणींनो, गंमत पुढेच आहे. या रॅकचेही दोन प्रकार. एकात दोन हात मागे आलेले असतात आणि सायकल वरच्या दांडीने त्यावर टांगतात. आता लेडीज सायकलला वरची दांडीच कुठे असते? साडी, स्कर्ट सांभाळून चढता यावं म्हणून ती खाली वाकवलेली. टांगली की सायकल तिरकी होते, झुलते, पेडल शेजारच्या सायकलला घासतं. यावर उपाय म्हणजे हँडल आणि सीटच्या दांड्यामध्ये अडकवायची खोटी दांडी. दुसऱ्या प्रकारात चाकं पन्हळीत उभी राहतात. लेडीज सायकलला हा बरा. फक्त चाक धरणारा आकडा मडगार्डवर दाबत नाही ना आणि पुढची बास्केट आड येत नाही ना, हे घेण्याआधी सायकल ठेवून बघावं.

आम्ही वेल्डिंगवाल्या दादांकडेही गेलो. ते म्हणाले, ‘‘ताई, रॅक बनवून देतो, पण चेसिसले भोक नाही पाडत मी. आधी आरटीओले विचारून या.’’ शहाणा सल्ला! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करायला मनाई आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून हिच येत नाही. म्हणून आधी कंपनीला आणि आरटीओला विचारायचं, मगच पैसे घालायचे.

दुसरी गोष्ट नंबर प्लेटची. मागची प्लेट, टेललाइट, इंडिकेटर सायकलीमागे झाकले जाता कामा नयेत. युरोपात रॅकवर दिवे आणि नंबर असलेली वेगळी पाटी लावतात. आपल्याकडची नवी हाय सिक्युरिटी प्लेट काढघाल करता येऊ नये अशीच बसवलेली असते. तेव्हा प्लेट झाकणारा रॅक कितीही देखणा असला तरी नको. शिवाय गाडीबाहेर फार आलेलं सामान दंडाला पात्र ठरतं.

तिसरी गोष्ट वजनाची. दोन सायकली आणि रॅक मिळून पन्नास किलो सहज होतात. ते मागच्या चाकाच्याही मागे लोंबतं, त्यामुळे तराजूसारखं होऊन गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं. स्पीडब्रेकरवर आदळली, की रॅकवरचा ताण कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून रॅक आणि हिच किती वजनाचे आहेत ते वाचायचं आणि त्यातलं कमी ते धरायचं. सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडाशी येऊ द्यायचं नाही, गरम धुराने ते खराब होतं. पुढचं चाक वळू नये म्हणून फ्रेमला बांधायचं. निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे. आमच्याकडच्या उन्हाने रबरी पट्टे लवकर कडक होतात, ते दर हंगामात तपासायचे.

एवढा हिशेब केल्यावर आम्ही सध्या हिच बाजूला ठेवला आहे. व्हॅनची मागची सीट पाडायची, सायकलींची पुढची चाकं पान्याने काढायची, मधे जुनी सतरंजी घालायची. अशा दोन सायकली आत मावतात. म्हणून दोघी-दोघी पाळीने जातो. चाक काढणं-बसवणं चौघीही शिकलो, हा वरचा फायदा.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या आपल्याकडे वाढतील, तसे बरे रॅकही येतील. पण तोवर वाट बघत बसू नका. पुढच्या सहलीची यादी करताना डब्यांच्या आधी तुमची सायकल लिहा. ‘जागा कुठे आहे?’ असं कुणी विचारलं, तर टेप घ्या आणि डिकी मोजून दाखवा. बहुतेक वेळा जागा निघते!