सिमेंटचा पत्रा उतरवताना

गोठे, चाळी, शाळा आणि एमआयडीसीतल्या शेडवर दिसणाऱ्या करड्या पन्हळी सिमेंटच्या पत्र्याला बळकटी येते ती त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. पत्र्यात हे खनिज साधारण दहा टक्के असते. ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅचेक यांनी १९०१ मध्ये अशा पत्र्याचे पेटंट घेतले. स्वस्त आणि न गंजणारा असल्यामुळे तो जगभर पसरला. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात मात्र आयात केलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसपासून असे पत्रे अजूनही बनतात.

धडधाकट पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. पत्रा फुटला, कापला किंवा घासला की ते सुटून हवेत मिसळतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू फुप्फुसात खोलवर रुततात. त्यांतून अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी उघड होतात. त्यामुळे काम करताना काहीच त्रास झाला नाही, म्हणून धोका नव्हता असे मानता येत नाही. जुना पत्रा कशाचा आहे हे प्रयोगशाळेतच ठरते. तपासणी झालेली नसेल, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच धरून चालावे.

पत्रा ओला ठेवायचा आणि अखंड उतरवायचा, हे या कामाचे सूत्र. आधी घरातली माणसे दूर पाठवून खालचे सामान झाकावे. पाण्यात थोडे साबणद्रव्य घालून ते हलक्या फवाऱ्याने मारावे. जोरदार प्रेशरच्या पाण्याने पत्र्याचा पृष्ठभाग खरवडला जातो. खरी अडचण पत्रा जखडून ठेवणाऱ्या जे-हुकांची असते. त्यांचे नट गंजून बसलेले असतात आणि कामगार सवयीने हातोडा किंवा ग्राइंडर उचलतो. त्याऐवजी हुकाभोवतीचा भाग भिजवून बोल्ट कटरने हुक कापावा. पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो ठिसूळ असतो आणि माणसासकट कोसळतो. परांची बांधून खालून काम करावे. उतरवलेला पत्रा फेकू नये, हातोहात खाली द्यावा.

कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्क आणि एकदाच वापरायचा अंगरखा लागतो. कामाचे कपडे घरी नेले, तर तंतूही घरी पोहोचतात. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

पत्रे आणि तुकडे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बंद करून त्यांवर सूचना लिहावी. घातक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्यात मोडतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून तो अधिकृत केंद्रातच पाठवावा. भंगारात विकणे किंवा तुकडे रस्त्याच्या भरावात टाकणे म्हणजे धोका दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय.

छताचे काम काढणाऱ्याने मास्क, परांची, प्लास्टिक आणि वाहतूक यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. तो टाळला, तर त्याची किंमत मजुराची फुप्फुसे मोजतात.