सह्याद्रीतील वाटांची शब्दसंपदा आणि ऋतुमान

पाठीवर शिधा आणि अंथरूण-पांघरूण घेऊन तिन्ही ऋतूंत सह्याद्रीत पायी हिंडणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आज महाराष्ट्रात निर्माण झाला आहे. त्यांच्यापाशी नकाशे असतात, दिशा दाखविणारी उपकरणे असतात. परंतु वाट चुकली म्हणजे अखेर एखाद्या गुराख्यालाच विचारावे लागते. आणि तो देतो ते उत्तर त्यांना पुष्कळदा उमगत नाही. विचारणारा मराठी, सांगणाराही मराठी; तरीही अर्थबोध होत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न भूगोलाचा जितका, तितकाच भाषाभ्यासकाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. डोंगरातील भूरूपवाचक शब्द ही केवळ आकारांची नावे नव्हेत. उतार, पाणी आणि माणसाचे चालणे या तिहींच्या संबंधांची ती नावे होत. हा संबंध ऋतूगणिक पालटतो. म्हणून एकाच शब्दातून मिळणारी सूचनाही ऋतूगणिक पालटते. शब्द ठाऊक आहे पण त्याचा ऋतू ठाऊक नाही, अशा माणसाला त्या शब्दाचा अर्धाच अर्थ कळला आहे असे समजावे.

१. थरांचा डोंगर आणि थरांची भाषा

सह्याद्रीचा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याचे थर होत. यांतील काही थर कठीण, तर काही लवकर झिजणारे आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो आणि ठिसूळ थर झिजून त्याच्या पायाशी आडवी पट्टी तयार होते. खालून पाहणाऱ्यास डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळे. मराठीने या रचनेची नोंद अचूक केली आहे. उभा भाग तो ‘कडा’ अथवा ‘कातळ’. आडवी, माती धरून ठेवणारी, झाडी असलेली पट्टी तो ‘पदर’. आणि हाच सपाट भाग रुंद होऊन किल्ल्याच्या उपयोगी पडला म्हणजे ती ‘माची’. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या सर्वांस परिचित आहेत.

हे शब्द आले कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. ‘पायथा’ आणि ‘माथा’ माणसाच्या देहावरून आले, ‘सोंड’ हत्तीवरून, ‘पदर’ वस्त्रावरून, ‘धार’ शस्त्रावरून. ‘माची’ मुळात मंचाशी नाते सांगते. कड्याला आरपार पडलेल्या भोकास ‘नेढे’ म्हणतात. सुईच्या भोकासही तोच शब्द आहे. घरातील आणि अंगावरील वस्तूंची नावे डोंगराला देणारा समाज डोंगराकडे देखावा म्हणून पाहत नव्हता, तो त्यात राहत होता, हे या नावांवरूनच उघड होते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन थरांच्या सांध्यातून मुरलेले पाणी कड्याच्या पायाशी, म्हणजे पदरावर, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे ‘पदराला लागा’ असे कोणी सांगितले, तर त्या दोन शब्दांत चढ संपल्याची, सावलीची आणि बहुधा पाण्याचीही सूचना असते. ऐकणाऱ्यास ‘पदर’ म्हणजे लुगड्याचा काठ एवढेच ठाऊक असेल, तर यांपैकी काहीच त्याच्या हाती लागत नाही.

२. घाट, खिंड आणि नाळ

डोंगर ओलांडण्याच्या जागांना मराठीत तीन मुख्य शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘घाट’ म्हणजे माथ्यावरून कोकणात उतरणारी अखंड वाट. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख पाहिला, म्हणजे अशा वाटांचे वय सुमारे दोन हजार वर्षांचे आहे हे कळते. ‘खिंड’ म्हणजे दोन डोंगरांमधील खोबण, जिच्यातून पलीकडे जाता येते. खिंडीत वाट आखडते. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेची कोंडी झाली ती यामुळेच. ‘नाळ’ अथवा ‘नळी’ म्हणजे दोन कड्यांमधील अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. लिंगाण्याच्या परिसरातील बोराट्याची नाळ आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. घाट माणसांच्या आणि जनावरांच्या रहदारीने घडतो. नाळ मात्र पाण्याने घडविलेली असते; माणूस तिचा उपयोग तेवढा करून घेतो.

‘घाट’ या शब्दाचा एक प्रवास येथे नोंदविला पाहिजे. मराठीत घाट म्हणजे वाट, आणि पर्वत तो सह्याद्री. ‘घाटावरचा माणूस’ म्हणजे ही वाट चढून गेल्यावर भेटणारा, देशावरचा. युरोपीय लोकांनी वाटेचे हे नाव संपूर्ण पर्वतरांगेला दिले आणि पुढे त्याचेच भाषांतर ‘पश्चिम घाट’ म्हणून मराठीत परत आले. शब्द तोच राहिला; परंतु त्याच्यातील चालणारा माणूस मात्र गळून पडला.

३. पावसाळा: वाटेचे पाणी होते तेव्हा

आपल्या तिन्ही ऋतूंच्या नावांत ‘काल’ हा शब्द दडलेला आहे. प्रावृष् आणि काल यांपासून पावसाळा, हिम आणि काल यांपासून हिवाळा, उष्ण आणि काल यांपासून उन्हाळा. परंतु डोंगरातील माणूस पावसाळा हा एकच काळ मानीत नाही. तो नक्षत्रांनी मोजतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. पुढे साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक नक्षत्र पालटते. पुनर्वसूचा तो ‘तरणा पाऊस’ आणि पुष्याचा तो ‘म्हातारा पाऊस’. याखेरीज पावसाळ्याआधीचा ‘वळीव’, दिवस-दिवस न थांबणारी ‘झड’ आणि मधली ‘उघडीप’ हे शब्द आहेतच.

या ऋतूत नाळ हा शब्द आपला अर्थ पालटतो. माघात जी उतरण्याची वाट होती, ती आषाढात पाण्याची आणि सुटलेल्या धोंड्यांची वाट होते. घाटमाथ्यावर पाऊस विलक्षण पडतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेल्या वाईस एक हजाराहूनही कमी. साहजिकच खाली उघडीप असतानाही वर झड चालू असू शकते. ‘वर काळोख आहे, नाळीत शिरू नका’ असे एखादा म्हातारा सांगतो, तेव्हा तो भीती घालीत नसतो. वरचे पाणी खाली येण्यास लागणारा वेळ तो त्या वाक्यात मोजून देत असतो.

दुसरा शब्द ‘दरड’. वृत्तपत्रांमुळे तो आता ‘कोसळणे’ या क्रियापदापासून सुटा ऐकूच येत नाही. परंतु दरड म्हणजे मुळात कोसळण्याची क्रिया नव्हे. ती जागा आहे, उभा, मातीचा किंवा सुट्या दगडांचा उतार. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडी ही वस्तीची ठिकाणे दरडीखाली गेली. तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातील, म्हणजे तरणा पाऊस सरून म्हातारा लागण्याच्या संधीवरच्या अथवा म्हाताऱ्या पावसातील आहेत. तीन उदाहरणांवरून नियम बसविणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि आधीच्या पावसाने तुडुंब मुरलेली माती पुढच्या पावसाला टिकाव धरीत नाही, ही गोष्ट समजण्यास कठीण नाही.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. हे शब्द ज्यांच्या तोंडी नांदतात त्यांचीच. शब्द हे कवच नव्हे, हे या दुर्घटनेने कठोरपणे दाखविले आहे. शब्दांमुळे डोंगर थांबत नाही. त्यांच्यामुळे डोंगर वाचता येतो, एवढेच म्हणता येईल. आणि जो राहण्यासाठी नव्हे तर दोन दिवस हिंडण्यासाठी येतो, त्याने तरी तो वाचूनच पाऊल टाकावे.

४. हिवाळा: गवतात बुडालेली वाट

नवरात्रानंतर पाऊस ओसरतो आणि हिंडण्याचा हंगाम सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. परंतु या दिवसांत डोंगरावर कमरेइतके गवत असते आणि पाऊलवाट त्यात बुडालेली असते. गवतातून स्पष्ट दिसते ती ‘ढोरवाट’. ढोरवाट आणि पाऊलवाट हा भेद शहरी मराठीतून जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि वाटा चुकण्याचे हे एक कारण आहे. पाऊलवाट गावाकडे जाते. ढोरवाट चाऱ्याकडे अथवा पाण्याकडे. ढोरवाटेला फाटे फार असतात आणि उताराच्या मध्यावर ती अचानक विरून जाते. पुढे गवत कापले गेले म्हणजे ‘मळलेली वाट’ पुन्हा उघडी पडते.

हिवाळ्यातील रात्रीचे शब्द वेगळे आहेत. पहाटे ‘दहिवर’ पडते, म्हणजे दव. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. म्हणून खोलगट ‘लवणा’त मुक्काम केला तर धारेवरच्यापेक्षा अधिक गारठा सोसावा लागतो. ‘लवणात निजू नये’ या साध्या सांगण्यामागे हा व्यवहार आहे.

५. उन्हाळा: पाण्याची विशेषणे

उन्हाळ्यात उताराचे शब्द मागे पडतात आणि पाण्याचे पुढे येतात. किल्ल्यांवर कातळात खोदलेली ‘टाकी’ असतात. नकाशावर टाक्याची खूण एकच असते. भाषेत मात्र पाण्याला विशेषणे आहेत. पावसाचे साठलेले पाणी निराळे आणि झऱ्याचे ‘जिवंत’ पाणी निराळे. एखादे ‘बारमाही’, तर एखादे शिमग्यालाच तळ दाखविणारे. चैत्र-वैशाखात गडावर जाणाऱ्याने ‘वर पाणी आहे का?’ असे विचारू नये. ‘वरचे पाणी जिवंत आहे का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे येईल, आणि ते खोटेही नसेल. पण ते पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही.

याच ऋतूत ‘घसारा’ त्रास देतो. वाळलेली माती आणि बारीक खडी यांवरून पाय सरकतो. जो कातळ पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होता, तोच आता भरवशाचा, आणि पावसात दबून बसलेली माती आता दगा देणारी, अशी ही अदलाबदल असते. कोणता आधार कोणत्या महिन्यात धरावा, हे ‘खोबणी’, ‘पावठी’, ‘कातळ’, ‘मुरूम’ असे वेगवेगळे शब्द वापरणाऱ्यास सांगता येते. सर्वांस ‘दगड’ म्हणणाऱ्यास सांगता येत नाही.

६. आगंतुक शब्द आणि त्यांचे मोल

शहरी हिंडणाऱ्यांच्या बोलण्यात आज ‘ट्रेक’, ‘रिज’, ‘ट्रॅव्हर्स’, ‘प्लॅटो’, ‘व्हॅली’ हे शब्द रुळले आहेत. परभाषेतून शब्द येणे हा दोष नव्हे. ‘सॅक’ नवी वस्तू घेऊन आली, तिचे नावही यावयाचेच. परंतु नवा शब्द एका जुन्या शब्दाची जागा न घेता पाच शब्दांची जागा घेऊ लागला, म्हणजे भाषेचे नुकसान होते. ‘व्हॅली’ने दरी, खोरे, घळ, नाळ आणि लवण हे पाचही शब्द गिळले आहेत. भंडारदऱ्याच्या परिसरातील साम्रदजवळची सांधण पाहा. ‘सांध’ म्हणजे जोड आणि फटही. नावातच तिची अरुंद, उभी भेग सांगितलेली आहे. भेगेतून पावसाळ्यात काय वाहणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिला ‘सांधण व्हॅली’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रुंद हिरवे खोरे उभे राहते आणि नावातील इशारा पुसला जातो.

७. संकलनाची निकड

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. डोंगरातील अनेक शब्द त्यांत आहेत. परंतु कोश अर्थ देतो. त्या अर्थाचा ऋतू आणि जागा देणे त्याचे काम नव्हे. ते काम क्षेत्राभ्यासाचे आहे, आणि विभागातील विद्यार्थ्यांना ते करता येण्याजोगे आहे.

त्यासाठी दोन पथ्ये सुचवावीशी वाटतात. डोंगराकडे बोट दाखवून ‘याला काय म्हणतात?’ असे विचारू नये. त्याने एक नाम हाती लागते आणि त्याचा वापर निसटतो. त्याऐवजी सांगणाऱ्याबरोबर चालावे आणि वाट सांगावयास लावावी. शब्द वाक्यात, क्रियापदासह आणि दिशेसह येतो. दुसरे असे, की एकच वाट एकाच माणसाकडून तीन ऋतूंत तीनदा ऐकावी. गुराखी, मोळीसाठी रानात जाणाऱ्या बाया, महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या सांगण्यातील फरकही स्वतंत्रपणे टिपावेत. कारण ज्याचे रानात जे काम, त्याचे शब्द त्या कामापाशी दाट असतात.

हे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही. गाडीरस्ते वाडीपर्यंत पोचत आहेत, ही इष्टच गोष्ट आहे. डोलीतून रुग्ण उतरविण्याची पाळी कोणावर येऊ नये. परंतु रस्ता झाला म्हणजे नाळ आणि घाट यांवरून रोजचे पाऊल उठते, आणि पाऊल उठले की एका पिढीत शब्दही जातो. मग त्या वाटेने जाईल तो केवळ हौसेने आलेला पाहुणा. आणि त्याला ‘वर काळोख आहे, नाळीत शिरू नका’ असे सांगावयास तेथे कोणी नसेल. निदान ते वाक्य, ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या नाळीच्या तोंडाशी उच्चारले गेले याच्या नोंदीसह, आपल्या दप्तरी असले पाहिजे.