मठातील युद्धकैदी : स्पेनच्या यादवी युद्धातील एक मराठी स्वयंसेवक

स्पेन देशात बुर्गोस शहरानजीक सान पेद्रो दे कार्देन्या हा प्राचीन मठ आहे. शतकानुशतके बेनेडिक्टाईन मठवासीयांच्या प्रार्थनांनी पुनीत झालेली ही वास्तू १९३८ साली जनरल फ्रँको यांच्या फौजेने पकडलेल्या परदेशी सैनिकांची छावणी बनली होती. त्या बंदिवानांत ‘जॉन स्मिथ’ हे नाव धारण केलेले एक मराठी गृहस्थ होते, नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह असलेल्या हुद्दारांनी बालाघाट खटल्यात तुरुंगवास भोगला होता. पुढे पत्रकारितेच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि १९३७ साली आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले.

जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या निर्वाचित प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सेनाधिकाऱ्यांनी बंड पुकारले. हिटलर व मुसोलिनी बंडखोरांच्या मदतीस धावले, तर सोव्हिएत रशिया सरकारच्या. कम्युनिस्ट इंटरनॅशनलने उभारलेल्या ब्रिगेडमध्ये पन्नासहून अधिक देशांतील सुमारे ३५,००० स्वयंसेवक सामील झाले. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटनने अशी भरती बेकायदेशीर ठरविल्यामुळे अनेकजण गुप्तपणे पॅरिसमार्गे जात आणि रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडत. अल्बासेते येथील तळावर जुजबी प्रशिक्षण मिळे. नंतर खंदकांतील थंडी, उवा, अपुरी शस्त्रे आणि परस्परांस न कळणाऱ्या भाषा हेच त्यांचे जीवन. फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामा येथे ब्रिटिश बटालियनच्या सुमारे ६०० सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक तीन दिवसांत मृत वा जखमी झाले.

कॅथलिक ख्रिस्तसभेसाठी हे युद्ध अतिशय वेदनादायी ठरले. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात चर्चेस जाळण्यात आली. सुमारे ६,८०० धर्मगुरू, व्रतस्थ बंधू व धर्मभगिनी यांची हत्या झाली. त्यांतील अनेकांना ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले आहे. १ जुलै १९३७ रोजी स्पेनच्या बिशपांनी सामुदायिक पत्र काढून फ्रँकोंच्या पक्षाचे समर्थन केले. तारागोनाचे कार्डिनल विदाल इ बाराकेर यांनी मात्र त्यावर स्वाक्षरी केली नाही. त्यांचे स्वतःचे सहायक बिशप मानुएल बोरास यांची ऑगस्ट १९३६ मध्ये प्रजासत्ताकवादी सशस्त्र गटाने हत्या केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते. धर्माचे नाव एका सैन्याशी जोडले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

सद्‌सद्‌विवेकाची ही कसोटी सामान्य भाविकांनाही चुकली नाही. आयर्लंडमधून सुमारे ७०० कॅथलिक फ्रँकोंच्या बाजूने लढण्यास गेले. फ्रँक रायन हे श्रद्धावान कॅथलिक मात्र प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले. १९३८ च्या वसंतात ते पकडले गेले व कार्देन्याच्या छावणीत आले.

तेथे शेकडो परदेशी कैदी दाटीवाटीने राहत. मारहाण होई, फॅसिस्ट पद्धतीची सलामी देण्याची सक्ती असे आणि पवित्र मिस्सालाही त्यांना बळजबरीने उभे केले जाई. यहुदी, निरीश्वरवादी, हिंदू, कोणीही अपवाद नव्हते. ज्या वेदीपाशी प्रेमाचे आमंत्रण द्यावयाचे, तेथे पहारेकऱ्याची बंदूक उभी राहिली. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात निःसंदिग्धपणे सांगितले. त्या शिकवणीची निकड कार्देन्याच्या कैद्यांकडे पाहिल्यावर उमगते.

हुद्दार १९३८ च्या अखेरीस मायदेशी परतले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला बार्सिलोनाने ब्रिगेडच्या स्वयंसेवकांना निरोप दिला होता. १ एप्रिल १९३९ रोजी फ्रँकोंच्या विजयाने युद्ध संपले, आणि १९४२ साली सिस्टर्सियन मठवासी कार्देन्यात राहावयास आले.

या युद्धातील रक्तसाक्षींचे स्मरण आपण आदराने करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या मठातील परक्या कैद्याचे दुःखही आपल्या प्रार्थनेबाहेर राहू नये. वैऱ्यांवर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा दोन्ही खंदकांतील माणसांना सारखीच लागू आहे.