पाणवठ्यावरची त्सेत्से

त्सेत्से माशीची मादी अंडी घालत नाही. ती एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, दुधासारख्या स्रावावर पोसते आणि नऊ-दहा दिवसांनी सावलीतल्या मातीवर सोडते. अशी जेमतेम आठ-दहा पिल्लं तिला जन्मभरात होतात. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत या संथ वाढणाऱ्या माशीने माणसांना आणि गुरांना पिढ्यान् पिढ्या सळो की पळो करून सोडलं आहे.

ही माशी रक्तावरच जगते. नरही चावतो, मादीही. चावताना तिच्या लाळेतून ट्रिपॅनोसोम नावाचा एकपेशीय परजीवी शरीरात शिरतो. सुरुवातीला ताप येतो, डोकं आणि सांधे दुखतात, मानेमागच्या गाठी सुजतात. पुढे परजीवी मेंदूपर्यंत पोचला, की रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो, असंबद्ध वागू लागतो. हाच निद्रारोग. उपचार मिळाले नाहीत, तर बहुतेक रुग्ण दगावतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला 'गॅम्बियन्स' प्रकार अंगात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं दबून राहतो; पूर्वेकडचा 'ऱ्होडेसियन्स' काही आठवड्यांत उफाळतो आणि गुरांच्या, वन्य प्राण्यांच्या शरीरातही टिकून राहतो.

गॅम्बियन्स पसरवणाऱ्या माश्या नदी-तळ्याकाठच्या झुडपांत राहतात. पाणी भरणं, धुणं धुणं, मासे पकडणं, लाकूडफाटा गोळा करणं ही सारी कामं तिथलीच. म्हणून हा आजार खेड्यातल्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला येतो.

१९०० ते १९२० या काळात युगांडात, मुख्यतः व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बुसोगा भागात, या रोगाने सुमारे अडीच लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी आधी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये गुरांच्या 'नगाना' रोगामागे हीच माशी असल्याचं दाखवलं होतं. १९०३ मध्ये त्यांनी युगांडातल्या साथीचा धागाही तिच्यापर्यंत नेला.

ट्रिपॅनोसोमच्या बहुतेक जाती माणसाला बाधत नाहीत, कारण आपल्या रक्तातली काही प्रथिनं त्यांना मारतात. याचा ठळक पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात मिळाला. गुरा-उंटांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाचा ट्रिपॅनोसोम तिथल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला. त्सेत्से भारतात नाही. सर्रा पसरवतात त्या गुरांना चावणाऱ्या इतर माश्या. त्या शेतकऱ्याच्या शरीरात जनुकीय दोषामुळे एक संरक्षक प्रथिन तयारच होत नव्हतं. उपचारांनी तो बरा झाला.

१९६०च्या दशकात आफ्रिकेतला आजार जवळपास आटोक्यात आला होता. मग तपासणी पथकं ढिली पडली, काही देश युद्धांत होरपळले आणि १९९८ मध्ये नोंदलेले रुग्ण ४० हजारांच्या घरात गेले. मेंदूपर्यंत पोचलेल्या आजारावर तेव्हा आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रोल टोचत असत. त्या औषधानेच विसातला एक रुग्ण दगावे.

आज फेक्सिनिडॅझोलच्या गोळ्यांचा दहा दिवसांचा उपचार आहे. माशीविरुद्ध वायव्य युगांडाच्या नदीकाठांवर कीटकनाशकात भिजवलेली, जाळी जोडलेली छोटी निळी कापडं लावली गेली. निळ्या रंगाकडे माशी ओढली जाते, कापडावर किंवा जाळीवर आदळते आणि मरते. मादीची पिल्लंच मोजकी, त्यामुळे रोज थोड्या माद्या मेल्या तरी संख्या झपाट्याने घटते. पथकांनी गावोगावी केलेली रक्ततपासणी आणि ही कापडं यांच्या जोरावर २०२२ मध्ये युगांडात गॅम्बियन्स ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. २०२४ मध्ये चाडनेही हा टप्पा गाठला. २०१८ पासून संपूर्ण आफ्रिकेत वर्षाला हजारापेक्षा कमी रुग्ण नोंदले जात आहेत.

२०३० पर्यंत गॅम्बियन्सचा प्रसार पूर्ण थांबवण्याचं संघटनेचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी रुग्ण सापडेनासे झालेल्या गावांतही तपासणी चालू ठेवावी लागेल. ती थांबवल्याची किंमत आफ्रिकेने एकदा मोजली आहे.