संश्लेषण वायू

संश्लेषण वायू : (सिनगॅस). कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे मुख्य घटक असलेले ज्वलनशील वायुमिश्रण. दगडी कोळसा, कोक, नॅप्था, नैसर्गिक वायू, लाकूड किंवा शेतातील काडीकचरा यांसारख्या कार्बनयुक्त पदार्थांवर उच्च तापमानास वाफेची अथवा मर्यादित ऑक्सिजनाची विक्रिया घडवून हा वायू मिळवितात. तो इंधन म्हणून जाळता येतो; परंतु त्याचे अधिक महत्त्व रासायनिक उद्योगांतील कच्चा माल म्हणून आहे.

संज्ञेचा अर्थ : ‘संश्लेषण’ हे विशेषण वायू कसा तयार झाला हे सांगत नसून तो कशासाठी वापरावयाचा हे सांगते. अमोनिया, मिथेनॉल, द्रव हायड्रोकार्बने इत्यादींच्या संश्लेषणास लागणारा तो संश्लेषण वायू होय. ‘संश्लेषित वायू’ ही संज्ञा मात्र पुष्कळदा सैलपणे, कारखान्यात तयार केलेल्या कोणत्याही इंधन वायूस लावली जाते. ‘संश्लेषित नैसर्गिक वायू’ ही तिसरी संज्ञा आहे. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांची विक्रिया घडविली असता मिथेन व पाणी मिळते. असा मिथेन नैसर्गिक वायूच्या जागी वापरता येतो, म्हणून त्यास ‘पर्यायी नैसर्गिक वायू’ असेही म्हणतात. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात लिग्नाइटापासून असा वायू बनविणारा कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला.

निर्मिती व प्रकार : तापून लाल झालेल्या कोकवरून वाफ सोडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात. हा जल-वायू होय. या विक्रियेत उष्णता शोषली जाते व कोक थंड होत जातो. म्हणून मधूनमधून हवेचा झोत सोडून तो पुन्हा तापवावा लागतो. वाफेऐवजी मुख्यतः हवा वापरल्यास प्रोड्यूसर वायू मिळतो. त्यात हवेतील नायट्रोजन सु. ५० टक्के असल्याने त्याचे उष्मामूल्य कमी, म्हणजे दर घनमीटरास सु. १,१०० ते १,३०० किकॅ. असते. जल-वायूचे उष्मामूल्य सु. २,७०० किकॅ., तर नैसर्गिक वायूचे सु. ९,००० किकॅ. असते. शुद्ध ऑक्सिजन वापरल्यास नायट्रोजनाची भेसळ टळते; मात्र हवेतून ऑक्सिजन वेगळा करण्याचा खर्च वाढतो. मिळालेल्या वायूतील धूळ, डांबर व गंधकयुक्त संयुगे काढून टाकणे आवश्यक असते, कारण गंधकामुळे उत्प्रेरक निकामी होतात. हायड्रोजनाचे प्रमाण वाढवावयाचे असल्यास कार्बन मोनॉक्साइडावर पुन्हा वाफेची विक्रिया करतात.

कोल गॅस याहून वेगळा आहे. तो हवेविना दगडी कोळशाचे भंजक ऊर्ध्वपातन करून मिळतो व त्यात हायड्रोजनाबरोबर मिथेनही पुष्कळ असतो.

उपयोग : जर्मनीत १९१३ मध्ये अमोनियाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले व त्यास लागणारा हायड्रोजन जल-वायूपासून मिळविण्यात आला. पुढे फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२० नंतरच्या दशकात संश्लेषण वायूपासून द्रव इंधन बनविण्याची पद्धत शोधून काढली. खनिज तेलाची टंचाई व कोळशाची विपुलता असलेल्या दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला.

महाराष्ट्रात मुंबई येथे १८६५ मध्ये रस्त्यांवर वायुदीप लागले. लालबाग-परळ भागातील कारखान्यातून त्यांना कोळशापासून बनविलेल्या वायूचा पुरवठा होई. दुसऱ्या महायुद्धकाळात पेट्रोलाच्या टंचाईमुळे भारतात अनेक मोटारगाड्या लोणारी कोळशापासून मिळणाऱ्या प्रोड्यूसर वायूवर चालविण्यात आल्या. संश्लेषण वायूचा खऱ्या अर्थाने औद्योगिक वापर तुर्भे (ट्रॉम्बे) येथील खत कारखान्यात १९६५ च्या सुमारास सुरू झाला. तेथे अमोनियाबरोबर मिथेनॉलचेही उत्पादन होऊ लागले. १९७८ मध्ये हा कारखाना राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीकडे आला. फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट व बगॅस यांपासून वायू तयार करणारे संयंत्र विकसित केले.

नासिक शहराचे उदाहरण संज्ञांमधील भेद समजण्यास उपयुक्त आहे. तेथे घरोघरी नळाने पुरविला जाणारा वायू हा नैसर्गिक वायू आहे. जर्मनीच्या साहाय्याने महानगरपालिकेने २०१७ मध्ये कार्यान्वित केलेल्या प्रकल्पात उपाहारगृहांतील ओला कचरा व शौचालयांतील मैला यांपासून मिळणारा वायू हा बायोगॅस आहे. तो सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने हवेविना तयार होतो व त्यात मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइड असतात. जवळच्या एकलहरे येथील औष्णिक विद्युत् केंद्रात कोळशाची भुकटी बाष्पित्रात थेट जाळली जाते. तिचा वायू करीत नाहीत. यांपैकी कोणत्याही ठिकाणी संश्लेषण वायूचा संबंध येत नाही. तोच कोळसा अथवा वाळलेला काडीकचरा वायुजनित्रात घालून अपुऱ्या हवेत तापविला, तर मात्र मिळणारे मिश्रण या वर्गात मोडेल.

धोके : हा भेद केवळ शब्दांचा नाही. संश्लेषण वायूतील कार्बन मोनॉक्साइड वर्णहीन, गंधहीन व अतिशय विषारी असतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. हवेत त्याचे प्रमाण ०·१ टक्का असले, तरी काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. नैसर्गिक वायूत तो नसतो. तेथील मुख्य धोका आगीचा व स्फोटाचा असतो. बायोगॅसमध्ये विषारी हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. म्हणून वायुजनित्र बंदिस्त खोलीत चालवू नये, जोडांची गळती वरचेवर तपासावी व कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारे उपकरण बसवावे. सर्व वायूंना एकच नाव दिल्यास योग्य ती दक्षता घेतली जात नाही.