कापसाची आयात वाढली म्हणजे नेमकं काय वाढलं? देशाच्या आयात-निर्यातीचा हिशेब असा होतो

बीड : गेवराई, माजलगाव, धारूरकडं कापूस वेचणीला आला की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, 'कापसाची आयात वाढली, भाव पडणार'. त्याच दिवशी दुसऱ्या ग्रुपवर येतं, 'कापसाच्या निर्यातीत वाढ'. मग घरात बसलेला माल आज जिनिंगवर घालायचा की आणखी महिनाभर थांबायचं, यावर पारावर वाद सुरू होतो. गंमत म्हणजे दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली बातमी रुईची असते, दुसरी बऱ्याचदा सुताची आणि कापडाची.

हा घोळ का होतो ते कळायला आकडा तयार होतो कुठं, तिथून सुरुवात करावी लागते.

देशात किती माल आला आणि किती गेला हे कोणी बंदरावर उभं राहून मोजत नाही. सगळा हिशेब कागदांवरून होतो. माल बाहेर पाठवायचा असेल तर निर्यातदार, किंवा त्याच्या वतीनं कस्टम ब्रोकर, सीमाशुल्क विभागाकडं 'शिपिंग बिल' भरतो. माल आत आणायचा असेल तर 'बिल ऑफ एंट्री'. आता हे बहुतेक सगळं 'आइसगेट' या संगणक प्रणालीवर होतं. माल कोणता, किती, किंमत किती, कोणत्या बंदरातून, कोणत्या देशाला, कोणत्या राज्यातला, अशा रकान्यांचा हा फॉर्म. न्हावा शेवा बंदरातून रोज जाणाऱ्या कंटेनरचे असे फॉर्म, तसेच देशातली बाकी बंदरं, विमानतळं, जमिनीवरची सीमा ठाणी आणि सेझ यांचे फॉर्म, या सगळ्यांतली माहिती कोलकात्यात एका कार्यालयात जमा होते.

त्याचं नाव वाणिज्यिक माहिती आणि सांख्यिकी महासंचालनालय. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'डीजीसीआय अँड एस' म्हणतात. ते केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाखाली येतं. देशाच्या आयात-निर्यातीचे अधिकृत आकडे इथंच बनतात. फॉर्ममध्ये चुका असतातच. किलोच्या जागी टन पडतो, एखादं शून्य जास्त लागतं. त्यामुळं एखाद्या मालाचा किलोमागचा दर नेहमीपेक्षा फारच वेगळा दिसला की ती नोंद तपासली जाते. मग महिन्याचा हिशेब लागतो आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास वाणिज्य मंत्रालय तो जाहीर करतं.

सगळा खेळ कोडचा

फॉर्मवर मालाचं नाव लिहून भागत नाही, कोड टाकावा लागतो. आपण ज्याला रुई म्हणतो त्याला आणखी कुठं आणखी काही म्हणतात. म्हणून जागतिक सीमाशुल्क संघटनेनं जगातल्या सगळ्या मालाला सहा आकडी कोड दिले. १९८८ पासून ही पद्धत लागू आहे आणि बहुतेक सगळे देश ती वापरतात. पहिले दोन आकडे म्हणजे अध्याय. भारतात त्यापुढं आणखी दोन आकडे जोडून आठ आकडी कोड होतो.

बीडच्या शेतकऱ्यानं सोयाबीनचं उदाहरण घ्यावं. अंबाजोगाई, केज, परळीत पिकणारं सोयाबीन हे एकच पीक, पण हिशेबात ते तीन घरांत राहतं. दाणा १२०१ मध्ये, तेल १५०७ मध्ये, पेंड २३०४ मध्ये. भारत सोयाबीनचं तेल भरपूर आणतो, आफ्रिकेतल्या काही देशांतून थोडा दाणाही येतो, आणि पेंड मात्र आपण बाहेर विकतो. म्हणजे 'सोयाबीनची आयात वाढली' असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न, दाण्याची की तेलाची? मोंढ्यातल्या भावावर दोन्हींचा परिणाम वेगळा होतो.

कापसाचंही तसंच. अध्याय ५२ चं नावच कापूस. पण त्यात ५२०१ ही न पिंजलेली रुई आहे, ५२०५ सूत आहे आणि पुढं कापडही आहे. दर महिन्याच्या सरकारी पत्रकात निर्यातीच्या यादीत 'सुती धागा, कापड, तयार वस्तू, हातमाग उत्पादनं' अशी एकत्र ओळ असते. आयातीच्या यादीत 'कच्चा कापूस आणि वेस्ट' अशी वेगळी. बातमी करताना दोन्हींचं 'कापूस' होतं आणि ग्रुपवर भांडण लागतं. सूतगिरण्यांनी बाहेरून स्वस्त रुई आणली आणि सूत विकलं तर आयातही वाढते, निर्यातही वाढते. गेवराईच्या शेतकऱ्याला त्यातली कोणती वाढ लागू पडते ते सांगायला नको.

रुपयात की टनात?

किंमत मोजण्याचीही एक रीत आहे. निर्यातीचा माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत धरतात, तिला एफओबी म्हणतात. आयातीच्या मालात जहाजभाडं आणि विमाही धरतात, ती सीआयएफ. समजा, न्हावा शेवाला जहाजावर चढलेल्या एका कंटेनरमधल्या गाठींची किंमत ४० लाख रुपये आहे. भारताच्या निर्यातीत ४० लाखच लागतील. बांगलादेशापर्यंतचं भाडं आणि विमा २ लाख झाला, तर तिथल्या आयातीत तोच माल ४२ लाखांचा दिसेल. दोन देशांचे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच कोणी लबाडी केली असं होत नाही.

आणखी मोठा फरक किंमत आणि वजनाचा. समजा, गेल्या वर्षी १०० टन तेल आलं, टनाला १,२०० डॉलर दरानं, आणि डॉलर ८० रुपयांना होता. यंदा ११० टन आलं, दर १,००० डॉलर आणि डॉलर ८८ रुपयांना. डॉलरमध्ये आयात १ लाख २० हजारांवरून १ लाख १० हजारांवर आली, म्हणजे सुमारे ८ टक्के घटली. रुपयात ९६ लाखांवरून ९६ लाख ८० हजारांवर गेली, म्हणजे किंचित वाढली. आणि टनात बघितलं तर १० टक्के वाढली. बातमी यातल्या कोणत्याही आकड्याची करता येते. शेतकऱ्यानं टनाचा आकडा बघावा, कारण त्याच्या मालाशी बाजारात टक्कर होते ती त्या टनांची.

कालावधीही बघावा लागतो. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. खाद्यतेलवाले नोव्हेंबर ते ऑक्टोबर धरतात. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे आकडे १७० किलोच्या गाठींत आणि कापूस हंगामावर असतात. मुंबईची सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन तेल आयातीचे आकडे आपले आपण गोळा करून दर महिन्याला देते. हे व्यापाऱ्यांच्या संघटनांचे आकडे आहेत. उपयोगी आहेत, पण सरकारी आकड्याशेजारी ठेवून वजाबाकी करायला गेलं की फसगत ठरलेली.

शिवाय १५ तारखेला येतो तो पहिला अंदाज असतो, नंतर तो दुरुस्त होतो. एरवी दुरुस्ती लहान असते. पण नोव्हेंबर २०२४ च्या सोन्याच्या आयातीत मोठाच घोटाळा झाला. आधी सुमारे १४.८ अब्ज डॉलरचं सोनं आल्याचं जाहीर झालं, व्यापारी तूट विक्रमी झाली म्हणून देशभर चर्चा झाली. जानेवारीत तो आकडा सुमारे ९.८ अब्जांवर आणला. सेझमधल्या नोंदी जुन्या प्रणालीतून आइसगेटवर नेताना काही माल दोनदा मोजला गेल्याचं कारण पुढं आलं. सोन्याचं झालं म्हणून निदान कोणाच्या तरी लक्षात आलं.

या आकड्यांवर दिल्लीत निर्णय होतात, म्हणून इतकी फोड. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या दिवसांत. कच्च्या सोयातेलावरचं मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के केलं आणि मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. आष्टी, कड्याच्या कांदावाल्यांना तर डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आठवत असेलच. तेव्हाही सरकारी परवानगीनं काही देशांना कांदा जात होता, त्यामुळं हिशेबात निर्यात शून्य दिसत नाही.

मग यात बीड कुठं?

१५ फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलावर माल मूळ कोणत्या राज्यातला आणि कोणत्या जिल्ह्यातला हे लिहिणं बंधनकारक झालं. त्याआधी जिल्ह्याचा रकाना सक्तीचा नव्हता. 'प्रत्येक जिल्हा निर्यात केंद्र' ही केंद्राची योजना याच माहितीवर चालते. कोणत्या जिल्ह्यात शीतगृह लागतं, कुठं पॅकहाऊस लागतं, याची मागणी करताना पहिला प्रश्न येतो, तुमच्याकडून जातं काय आणि किती?

रकाना भरतो निर्यातदार. आणि बीडचा माल सरळ बीडच्या नावानं जातो असं नाही. माजलगावच्या जिनिंगमधली गाठ व्यापाऱ्यामार्फत दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोदामात गेली, तिथं चार ठिकाणच्या गाठींत मिसळली, तर फॉर्मवर कोणता जिल्हा पडायचा? पिकवला बीडनं, नोंद दुसरीकडं. गाठ सूतगिरणीत जाऊन तिचं सूत निर्यात झालं तर बीडचं नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण सूत तयार झालं दुसऱ्या जिल्ह्यात.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ताज्या सीताफळाला भारताच्या यादीत स्वतंत्र आठ आकडी कोडही आहे. पण सीताफळ टिकत नाही, म्हणून त्याचा गर काढतात. गोठवलेला गर ०८११ मध्ये मोजला जातो आणि त्यावर जास्त प्रक्रिया केली तर तो अध्याय २० मध्ये जातो. तिथं तो इतर फळांच्या गर्दीत बसतो. म्हणजे सीताफळाचा कोड उघडून 'निर्यात नगण्य' असा निष्कर्ष काढणारा अर्धीच गोष्ट बघत असतो.

निर्यातीत उतरणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी कस्टम ब्रोकरला माल देताना खरेदीच्या पावत्यांबरोबर मूळ जिल्हा बीड असल्याचं लेखी द्यावं, बिल भरायच्या आधी त्याची प्रत मागून तो रकाना आणि आठ आकडी कोड तपासावा. आकडे पाहायचे असतील तर वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर निर्यात-आयात डेटा बँक सगळ्यांसाठी खुली आहे. तिथं ५२०१ टाकलं की फक्त रुई दिसते, सूत नाही.