कामगाराची रात्रशाळा



चाळिशी उलटलेला माणूस पुन्हा शाळेत का टिकत नाही, असे विचारले की शिकलेली मंडळी झटकन सांगतात, वय झाले, बुद्धी मंदावली. मला हे मान्य नाही. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचे काम गेले, तेव्हा मी सातवीत होतो. शाळा सुटली. दहावीला बसलो तो बेचाळिसाव्या वर्षी. आड आली ती बुद्धी नव्हे, पाळी!

कारखान्यात पाळ्या आठवड्याने फिरतात. रात्रशाळा साधारण साडेसहा ते साडेनऊ. पहिल्या पाळीत जमते. दुसरीत माणूस तीन ते अकरा यंत्रापाशी उभा. तिसरीत शाळेतून थेट कामावर, म्हणून बाकावरच डोळा लागतो. तीन आठवड्यांत जेमतेम एक धड पदरात पडतो. माझे बीजगणित असेच बुडाले. पगारवाढीची मागणी आम्ही प्रत्येक मागणीपत्रात घालीत होतो. शिकणाऱ्या कामगाराला कायम पहिली पाळी आणि परीक्षेची रजा हवी, हे मात्र युनियनचा कार्यकर्ता असूनही स्वतःवर बेतेपर्यंत मला सुचले नाही. हा दोष मालकाचा नव्हे, माझा.

वास्तविक ही वाट जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिनेही कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. चळवळ आणि पाटी तेव्हा वेगळी नव्हती.

प्रौढ विद्यार्थी अगदीच रित्या हाताने येत नाही. शेकडेवारी मला कधी उमगली नव्हती. पण १९६५ च्या कायद्याने ठरविलेला किमान बोनस ८.३३ टक्के, हे तोंडपाठ होते. एके दिवशी मास्तरांनी फळ्यावर १०० ला १२ ने भागले आणि तोच आकडा निघाला. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार! त्या रात्री मला घरी जावेसे वाटेना.

ज्यांना रात्रशाळाही साधत नाही, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. माझा आईच्या पेटीत निघाला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिले होते. तुमचा हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत काढावी लागते, सोबत प्रतिज्ञापत्र. यात वेळ जातो; तेव्हा फॉर्मची मुदत येण्याआधीच शाळेत एक खेप घाला.